सुट्टी अम्मीलाही हवी! कृष्णाकाठचे चार दिवस

परीक्षा संपतात, निकालाला अजून अवकाश असतो आणि घरात रोज संध्याकाळी एकच विषय निघतो: यंदा कुठे जायचं? मुलांना पाणी हवं असतं, अब्बांना फार खर्च नको असतो, दादीला चढ-उतार नको असते. सगळ्यांची मतं विचारली जातात. एका व्यक्तीचं मत मात्र बहुतेक घरांत विचारलं जात नाही, कारण तिचं काम आधीच ठरलेलं असतं. सहलीच्या दिवशी ती पहाटे तीनला उठते. खिमा परतते, पराठे लाटते, अंडी उकडते, लोणच्याची बरणी, पाण्याचा कॅन, छोटा गॅस आणि चहाचं सामान पिशव्यांत भरते. ठिकाणावर पोचलं की बाकीचे पॉइंट बघायला जातात आणि ती झाडाखाली सतरंजी पसरून डबे उघडत बसते. रात्री घरी आल्यावर सगळे अंथरुणावर पडतात, आणि मोरीत भांडी तिची वाट पाहत असतात.

याचं कारण तिचा स्वभाव नाही. मुस्लिम कुटुंब बाहेर पडलं की खाण्याचा प्रश्न सगळ्यात आधी उभा राहतो. गोश्त हलाल आहे का, तेल कुठलं, शेजारच्या टेबलावर दारूची बाटली तर नाही ना, मुली-सुनांना मोकळेपणाने बसता येईल का, आणि बिल किती होईल? या शंका रास्त आहेत. पण त्यांचं ओझं घरातल्या एकाच व्यक्तीने उचलावं, हे काही रास्त नाही. खाण्याचा बंदोबस्त आधीच नीट केला तर स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही सहल पाहता येते. एवढं झालं तरच ती घराची सुट्टी, नाहीतर फक्त चुलीची जागा बदलते.

सातारा आणि सांगली हे जिल्हे अशा सुट्टीसाठी फार सोयीचे आहेत. पुण्याहून साताऱ्याला दोन-अडीच तासांत पोचता येतं, मिरज तर रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. थंड हवा, धबधबे, तलाव, हरणं, जुनी शहरं आणि खाण्याची चंगळ, सगळं शे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. शिवाय दोन्ही जिल्ह्यांना एक नदी जोडते. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, वाईवरून, साताऱ्याजवळच्या माहुलीवरून आणि कराडवरून वाहत सांगलीला येते. तिच्या बरोबरीने उतरत गेलं की चार दिवसांचा मार्ग आपोआप आखला जातो. चार दिवस नसतील तर यातले कुठलेही दोन घ्यावेत.

निघण्याआधी

आधी प्रवासाचं पाहू. स्वतःची गाडी नसेल तरी अडत नाही. मार्च २०२३ पासून एसटीच्या बसमध्ये सर्व महिलांना निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं. दादी, अम्मी, दोन मुली आणि खाला असं कुटुंब लाल परीने निघालं तर भाड्यात वाचलेल्या पैशांत दोन वेळचं जेवण निघतं. बाहेरच्या जेवणाला पैसे कुठून आणायचे, या प्रश्नाचं हे एक साधं उत्तर आहे. ज्येष्ठांचं आधारकार्ड किंवा एसटीचं स्मार्ट कार्ड मात्र जवळ असू द्यावं.

दुसरी गोष्ट नमाजची. शरीयतने ठरवलेल्या अंतरापेक्षा लांबच्या सफरीत जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. अंतर आणि मुक्कामाचे दिवस यांबाबत मसलकांत फरक आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना एकदा विचारून घ्यावं. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, सातारा, कराड, सांगली, मिरज या सगळ्या गावांत मशिदी आहेत. अडचण येते ती बायकांची. त्यांच्यासाठी वुजूची आणि नमाजची जागा सगळीकडे मिळत नाही. म्हणून दुपारच्या वेळी लॉजच्या खोलीवर किंवा एखाद्या शांत बागेत असू असा बेत ठेवावा. दोन हलकी जानमाजं आणि पाण्याची एक जादा बाटली सामानात असली की भागतं.

तिसरी गोष्ट, दिवसाला दोनच ठिकाणं. यादीतले सात पॉइंट उरकायला निघालेलं कुटुंब सातही पाहत नाही, ते फक्त गाडीत भांडतं. दादीच्या गुडघ्याला जेवढं झेपेल तेवढाच दिवसाचा पल्ला.

पहिला दिवस: वाई, भिलार, पाचगणी, महाबळेश्वर

वाई हे कृष्णेच्या घाटांचं गाव. सकाळी लवकर पोचलात तर घाटाच्या पायऱ्यांवर बसून नदी बघत नाश्ता करावा. जवळच मेणवली आहे. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेचा सुरेख घाट आहे. घाटावर टांगलेली भलीमोठी घंटा मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हा तिकडून आणलेली. ‘स्वदेस’ चित्रपटातलं गाव याच परिसरातलं, हे सांगितलं की मोठी मुलंही मोबाइल खिशात घालून आजूबाजूला पाहू लागतात. मराठी विश्वकोशाचं काम चालतं तेही याच वाईत.

पसरणीचा घाट चढला की पाचगणी येते. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून आत थोड्या अंतरावर भिलार आहे. हे स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य शासनाच्या पुढाकाराने गावातल्या पंचवीस घरांत आणि जागांत सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली गेली. एका घरात कथा-कादंबऱ्या, दुसरीकडे बालसाहित्य, तिसरीकडे इतिहास, अशी मांडणी आहे. कुणाच्याही अशा घरात जावं, खुर्ची ओढावी आणि वाचत बसावं. पैसे लागत नाहीत. घरकामात ज्यांचं वाचन पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुटलं, अशा आपल्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांना इथे दोन तास निवांत बसू द्यावं आणि मुलांकडे अब्बांनी बघावं. पॉइंट बघण्यापेक्षा हे कमी नाही.

पाचगणीचं टेबल लँड म्हणजे जांभ्या दगडाचं विस्तीर्ण सपाट पठार. लहान मुलांना धावायला यासारखी जागा नाही, पण कडेला कठडा सगळीकडे नाही, त्यामुळे मुलांचा हात सोडू नये. घोड्यावर बसवायचं असेल तर भाडं आणि फेरीचं अंतर आधी ठरवावं.

महाबळेश्वरच्या वाटेवर गुरेघरला मॅप्रो गार्डन आहे. पदार्थ शाकाहारी असल्याने गोश्ताची शंका नाही. स्ट्रॉबेरी विथ क्रीम, सँडविच, सरबतं, आणि मुलांना खेळायला मोकळी जागा. सुट्टीच्या दिवशी दुपारी इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी अकराच्या आत किंवा थेट असरनंतर जावं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्यायची तर पेटीतला खालचा थरही पाहून घ्यावा.

संध्याकाळ वेण्णा तलावावर घालवावी. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये हा तलाव बांधून घेतला. नावेत बसताना प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावं. बुरख्यावरून घालायला अवघड जातं म्हणून बायका टाळतात, पण पाणी कुणाचा पोशाख पाहत नाही. तलावाकाठी भाजलेली मक्याची कणसं, मका पॅटिस आणि गरम चणे-फुटाणे मिळतात. मुलांची भूक तिथेच अर्धी भागते, हे रात्रीच्या जेवणाची ऑर्डर देताना ध्यानात ठेवावं.

मुक्काम महाबळेश्वर किंवा पाचगणी. हंगामात आणि शनिवार-रविवारी खोल्यांचे दर चढतात, सोमवार ते गुरुवार तीच खोली बरीच स्वस्त पडते. मुलांना सुट्टी असतेच, रजा अब्बांना काढायची असते, तर ती मधल्या वारांना काढावी. रात्रीच्या जेवणासाठी बाजारपेठेत मशिदीच्या आसपास चौकशी केली की मुस्लिम चालकाचं हॉटेल कळतं. नाहीतर शाकाहारी थाळी, पिठलं-भाकरी आहेच.

दुसरा दिवस: सातारा

केळघर घाटाने मेढ्यामार्गे खाली उतरलं की सातारा. शहराच्या डोक्यावर अजिंक्यतारा उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधलेला हा किल्ला बहमनी, आदिलशाही, मराठे आणि मोगल अशा सगळ्या राजवटींनी पाहिला. १७०० मध्ये औरंगजेबाने तो मोठ्या वेढ्यानंतर घेतला आणि शहजादा आझमच्या नावाने ‘आझमतारा’ केला. पुढे तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि अजिंक्यतारा झाला. गाडीरस्ता जवळपास वरपर्यंत जातो, त्यामुळे दादीलाही नेता येतं. वरून अख्खं सातारा शहर दिसतं.

साताऱ्यात आणखी एक जागा मुलांना दाखवावी, ती म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांची समाधी. भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळ्या जाती-धर्मांची मुलं एका छताखाली राहत आणि एकाच पंगतीत जेवत. शंभर वर्षांपूर्वी ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. ही पंगत चालली ती लक्ष्मीबाईंमुळे. भाऊरावांच्या या पत्नीने मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने एकेक करून विकले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. इतिहासात भाऊरावांचं नाव मोठं झालं आणि ते योग्यच आहे. पण चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईशिवाय ती पंगत बसली नसती. मुलांना हे सांगताना आपल्या घरातल्या चुलीकडेही एकदा बघावं.

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने हायवेपासून आत लिंब गाव आहे. तिथली बारा मोटेची विहीर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद अशी ही अष्टकोनी विहीर. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय, आणि विहिरीच्या पोटातच छोटासा महाल. उन्हाळ्याच्या दुपारी आत उतरलं की गारवा अंगाला लागतो. वीज नसताना पाणी वर कसं येई, मोट म्हणजे काय, हे दादीने नातवंडांना समजावून सांगावं. सहलीत दादीला बोलायला मिळेल असा एखादा तरी मुक्काम हवाच.

दुपारनंतर काय पाहायचं ते ऋतूवर ठरतं. पावसाळ्यात आलात तर साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचा ठोसेघरचा धबधबा पाहावा. समोरच्या दरीत कोसळणारं पाणी पाहायला बांधलेली गॅलरी आहे, तिथूनच पाहावं. पाण्याजवळ जाण्याचा हट्ट करू नये. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कास पठार फुलतं. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासही आहे. दिवसाला ठराविक लोकांनाच प्रवेश असतो, त्यामुळे ऑनलाइन नोंदणी करूनच निघावं आणि शक्यतो मधल्या वारी जावं. फुलं तळहाताएवढी नसतात, बहुतेक बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतात. वाकून पाहावी लागतात आणि पायाखाली येऊ नयेत म्हणून पायवाट सोडायची नसते. उन्हाळ्यात आलात तर कासच्या पुढे बामणोलीला जावं. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तिथे बोटिंग होतं.

परतताना राजवाड्याच्या परिसरातून कंदी पेढे घ्यावेत. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजलेला आणि साखर बेताची, म्हणून या पेढ्याला खरपूस चव असते आणि तो प्रवासात टिकतोही. मुक्काम साताऱ्यात.

तिसरा दिवस: कराड आणि सागरेश्वर

साताऱ्याहून कराड सुमारे पन्नास किलोमीटर. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र वळण घेऊन पुढे जातात. या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. बाग आहे, सावली आहे, बसायला घाट आहे, आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. पाण्याला ओढ असते, मुलांना आत सोडू नये. शहरात आदिलशाही काळातल्या मशिदीचे उंच जोड मनोरे आहेत. त्यांच्यावरूनच तो भाग ‘मनोरे’ म्हणून ओळखला जातो. दूरच्या ताजमहालाचा फोटो आपल्या मुलांनी पाहिलेला असतो, पण शेजारच्या तालुक्यातले मनोरे पाहिलेले नसतात. जमल्यास जोहर तिथेच अदा करावी.

दुपारच्या जेवणाला या भागाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. कराडपासून पेठ नाक्यापर्यंतच्या हायवेवर जागोजागी ‘अख्खा मसूर’च्या पाट्या दिसतात. मसूर न भरडता तशीच शिजवून कांदा-लसूण मसाल्याची झणझणीत फोडणी दिलेली, सोबत गरम रोटी किंवा भाकरी, कांदा आणि ताक. गोश्ताचा प्रश्न नाही, पोट भरतं, आणि चार माणसांचं बिलही आटोक्यात राहतं. लहान मुलांसाठी कमी तिखट करायला आधीच सांगावं, कारण इथलं ‘मिडियम’सुद्धा कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणतं. यातल्या काही ठिकाणी परमिट रूम असते. आत शिरण्याआधी पाटी वाचावी आणि कुटुंबासाठी वेगळी बसायची जागा आहे का ते विचारावं.

दुपारी सागरेश्वर अभयारण्य. हे देवराष्ट्रे गावाजवळ, सांगली जिल्ह्यात आहे. देवराष्ट्रे हे यशवंतरावांचं जन्मगाव. सागरेश्वरची गंमत अशी की हे जंगल आयतं मिळालेलं नाही. उजाड झालेल्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन झाडं उभी केली, वनखात्याची साथ मिळवली, आणि १९८५ मध्ये या जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरच्या या जंगलात आज सांबर, चितळ आणि काळवीट फिरतात. हिंस्र प्राणी बघायचे म्हणून जाऊ नये. शांत चालावं आणि हरणं दिसली की थांबावं. इथे चूल मांडायची नाही, डबा खायचा तर कचरा परत आणायचा. झाड लावणं हे आपल्याकडे सदका मानलं जातं. एका माणसाच्या चिकाटीने केवढी सावली उभी राहू शकते, ते मुलांना इथे डोळ्यांनी पाहता येतं. मुक्काम सांगली किंवा मिरज.

चौथा दिवस: मिरज, सांगली, हरिपूर

मिरज आणि सांगली यांच्यात दहा किलोमीटरचंच अंतर. सकाळ मिरजेला द्यावी. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा दर्गा ही या गावाची ओळख. उरुसात चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाची परंपरा आहे. दर्ग्यांबद्दल आपल्या वाचकांत वेगवेगळी मतं आहेत, पण इथला इतिहास सगळ्यांचा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैराना गावचे, ते मिरजेत स्थायिक झाले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेबांचं १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात निधन झालं आणि त्यांना मिरजेत याच आवारात दफन केलं. आजही उरुसात त्यांच्या स्मरणार्थ देशभरचे कलावंत इथे हजेरी लावतात.

दर्ग्यापासून जवळच्या सतारमेकर गल्लीत जरूर जावं. पूर्वी तलवारी आणि शस्त्रं घडवणारी, त्यांना धार लावणारी ही शिकलगार घराणी. शस्त्रांचा काळ सरला तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि तीच पुढे या गल्लीची रोजी झाली. मंगळवेढा-पंढरपूर भागातून वाळवलेले कडू भोपळे येतात, त्याला लाकडाची दांडी बसते, नक्षी होते, तारा चढतात. शेवटी जवारी लावतात, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून तारेचा आवाज जमवतात. हे काम कानाचं आहे, मोजपट्टीचं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एक हुनर बंद पडला तर हात जोडून बसू नये, हात दुसऱ्या कामाला लावावेत, हे दहावी-बारावीच्या मुलांना सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही. कारागीर कामात असतात, म्हणून आधी परवानगी विचारावी आणि वाद्यांना हात लावू नये.

आणि जेवण? मिरजेत मुस्लिम वस्ती मोठी. स्टेशन, बाजार आणि दर्ग्याच्या परिसरात मुस्लिम चालकांची हॉटेलं सहज सापडतात. चार दिवसांतलं गोश्ताचं मोठं जेवण इथेच ठेवावं. बिर्याणी, खिमा, नाहीतर मटणाचं ताट: तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि भाकरी. आज अम्मीने आधी बसायचं, आधी तिचं ताट वाढलं जाईल, आणि मुलांच्या बोटीतले काटे-हाडं काढून देण्याचं काम अब्बांचं, असं ठरवून टाकावं.

दुपारनंतर सांगली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो याच शहरात. सांगली हळदीची मोठी बाजारपेठ आहे. बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घरी न्यायला या दोन गोष्टींपेक्षा चांगली भेट नाही. शिरखुर्म्याला लागणारे बेदाणे ईदच्या आधी महाग होतात, ते इथूनच घेऊन ठेवावेत. भडंग हे सांगलीचं खास खाणं: मोठ्या चुरमुऱ्यांना लसूण, शेंगदाणे आणि तिखटाची खमंग फोडणी. पाकीटबंद मिळतं आणि परतीच्या गाडीत मुलांना गप्प बसवतं.

शेवटची संध्याकाळ हरिपूरला. सांगलीपासून थोड्या अंतरावर इथे कृष्णेला वारणा मिळते. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. हरिपूरच्या मातीत पूर्वी खोल पेवं खणत आणि त्यांत हळद साठवत, ती वर्षानुवर्षं किडत नसे. २००५ च्या महापुराने या पेवांचं फार मोठं नुकसान केलं. आपण चार दिवस जिच्या काठाने आलो, तीच नदी पावसाळ्यात घरांत शिरते, हेही मुलांना इथे कळतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस असेल तर सांगलीचा बेत पुढे ढकलावा. संगमावर मगरिबपर्यंत थांबावं आणि परतीला लागावं.

खाण्यापूर्वी चार प्रश्न

हॉटेलात विचारायला संकोच वाटतो आणि मग उपाशी राहण्याची किंवा डबे वाहण्याची वेळ येते. विचारण्यात अपमान नाही, ना आपला, ना हॉटेलवाल्याचा. नम्रपणे एवढंच विचारावं:

१. भाऊ, मटण-चिकन कुणाकडून येतं? नेहमीचा खाटीक कोण, ते चांगला हॉटेलवाला लगेच सांगतो. उत्तर टाळलं तर शाकाहारी मागवावं.

२. शाकाहारी पदार्थांसाठी तवा, तेल आणि झारा वेगळा आहे का?

३. दारू मिळते का? मिळत असेल तर बाहेर पडावं.

४. कुटुंबासाठी आडोशाची जागा आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे का?

पाकीटबंद जेली, चॉकलेट, मार्शमेलो घेताना हिरव्या ठिपक्याची खूण पाहावी. ही शाकाहाराची खूण आहे. ती असेल तर जनावरापासून काढलेल्या जिलेटिनची काळजी उरत नाही. मासे मिळाले तर हलालचा प्रश्न नाही, तेल आणि तवा तेवढा विचारावा.

घरचा डबा अजिबात नको, असं नाही. पहिल्या दिवसाचा नाश्ता घरून न्यावा. सुका मेवा, खजूर, चिवडा आणि बाळाचं खाणं जवळ असावं. त्यापुढे मात्र गॅस नको, कुकर नको. आणि डबा भरायचाच तर आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून भरावा. मुलगे कांदा चिरू शकतात, अब्बा अंडी उकडू शकतात, मुली सामानाची यादी करू शकतात. परतल्यानंतरच्या धुण्याची आणि भांड्यांची वाटणीही निघण्याआधीच कागदावर लिहावी आणि तो कागद फ्रिजवर चिकटवावा.

जमिनीवर फिरून अल्लाहची निर्मिती आणि आधीच्या लोकांच्या खुणा पाहण्याची शिकवण कुरआनमध्ये पुन्हा पुन्हा येते. ती फक्त पुरुषांसाठी नाही. घरातली जी बाई वर्षभर तीन वेळ सगळ्यांची ताटं भरते, तिलाही कासची फुलं वाकून पाहायची असतात, भिलारला एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं असतं, आणि मिरजेत गरम बिर्याणी गरम असतानाच खायची असते. या सुट्टीत तिला आधी विचारा: तुला कुठे जायचं आहे? उत्तर यायला कदाचित थोडा वेळ लागेल, कारण हा प्रश्न तिला सवयीचा नाही. तेवढा वेळ तिला द्या, आणि मगच तिकिटं काढा.